अलीकडचा खड्डा

१२ तारीख, सोमवार, दुपार

दादा,

अक्षर ओळखून पाकीट फाडणार असशील तर निदान पहिलं पान वाचून फाड. दुसऱ्या पानावर काय असेल ते मलाही अजून माहीत नाही.

मी बरा आहे. तू कसा आहेस हे विचारायला मी तोंड ठेवलेलं नाही, म्हणून विचारत नाही. चार वर्षांत किती ठिकाणी राहिलो ते मोजायला बसलो तर अकराव्या ठिकाणी अडकतो. एका लॉन्ड्रीत चादरी इस्त्री केल्या, एका मालबोटीचा कठडा रंगवला, छापखान्यात कागदाचे गठ्ठे वाहिले. छापखान्यातला मुकादम म्हणायचा, "तू इथे काम करतोस की पाहुणा आहेस?" तू भिंगरी म्हणायचास ते उगाच नाही. पायाला लागलेली भिंगरी आता डोक्यातही फिरते.

तर मुद्दा असा, की मी याच गावात आहे. तुझ्या स्टेडियममध्ये. म्हणजे तुझं नाही, पण कळलं असेल. मोठ्या स्पर्धेला हंगामी माणसं हवी होती, मी लॉन्ड्रीतून सुटलोच होतो, योगायोगाने रांगेत उभा राहिलो आणि योगायोगानेच गोळाफेकीच्या मैदानावर नेमणूक झाली. इतकी माणसं पाणी वाटतात, अडथळे लावतात, चिखल पुसतात, आणि मला मिळालं काय, तर गोळा! मला हसूच आलं. तुला येणार नाही, ते ठाऊक आहे.

माझं काम सांगतो. गोळा पडला की खड्डा होतो. काठीवाले मास्तर त्या खड्ड्यात काठी रोवतात, काठीच्या टोकाला आरसा असतो, आणि तिकडे तिवईवरचं यंत्र त्या आरशाकडे बघून अंतर सांगतं. अंतर लागलं की मी दंताळ्याने खड्डा बुजवायचा, फळीने जागा सारखी करायची, गोळा पुसून पन्हळीत सोडायचा, तो घरंगळत फेकीच्या वर्तुळाकडे परत जातो. सव्वासात किलो. पहिल्या दिवशी मी तो एका हाताने उचलायला गेलो आणि मास्तर म्हणाले, "सावकाश, तो तुझ्या ओळखीचा नाही." आपल्या मागच्या अंगणात हजार वेळा उचललाय, हे त्यांना कशाला सांगू?

मास्तर निवृत्त खेळशिक्षक आहेत. एकतीस वर्षं काठी धरतायत, उजवा गुडघा कामातून गेलाय, पण पट्टा बांधून उभे राहतात. आमच्या शिकवणीत ते दीड तास बोलले. मधला थोडा भाग माझ्याकडून हुकला, कारण मैदानावरून तारेवर सरकत जाणारा कॅमेरा त्याच वेळी तपासत होते. कोळ्यासारखा जातो, तुला दिसेलच. बाकी सगळं ऐकलं.

आम्ही एका शाळेच्या व्यायामशाळेत झोपतो, लाकडी फरशीवर गाद्या टाकून. माझ्या उशाशी व्यायामाची चढायची दोरी लोंबते. उठलो की तीच पहिली दिसते. मला वाटतं या दोरीवर मी एकदा...

हे पत्र पाठवीन की नाही माहीत नाही. बुटांबद्दल लिहायचं होतं, पण पान संपलं.

भिंगरी


१४ तारीख, बुधवार, सकाळ

दादा,

परवाचं पत्र अजून माझ्याच खिशात आहे. घामाने मऊ पडलंय.

काल पात्रता फेरी झाली आणि तू मला ओळखलं नाहीस. तशी सोयच केली होती, टोपी भुवयांपर्यंत, त्यावर गॉगल. पण वीस मीटरवरून आपला भाऊ ओळखू येऊ नये? मग लक्षात आलं, की तू पलीकडे बघतच नाहीस. वर्तुळात शिरलास की तुझ्यासाठी पुढचं सगळं मैदान म्हणजे भिंत. लहानपणीही अंगणात तसंच. मी खड्ड्यापाशी उभा राहून हाका मारायचो आणि तुला ऐकूही यायचं नाही.

तुझं वजन वाढलंय. मानेला पावडर लावतोस, तो पट्टा पूर्वी बारीक असायचा. आता तू गिरकी घेऊन फेकतोस. पूर्वी सरकून फेकायचास ना? बदललंस कधी? हे असलं मला कुणीतरी कळवायला हवं होतं. आई कळवते तेव्हा फक्त "दादा बरा आहे" एवढंच, जसं काही तू खोकला आहेस.

तुझा दुसरा गोळा मी पुसला. इतरांचे पुसतो तसाच, ओल्या फडक्याने एकदा, कोरड्याने एकदा. पन्हळीत सोडला, गेला. बस्स. मला वाटलं होतं काहीतरी वाटेल.

आता एक खरं सांगतो. योगायोग वगैरे काही नव्हता. लॉन्ड्रीत कपड्यांबरोबर गुंडाळून आलेल्या जुन्या वर्तमानपत्रात संघाची यादी होती आणि त्यात तू होतास. इस्त्री चादरीवर राहिली, चादर जळली, मालकाने मला काढलं. म्हणजे मी "सुटलो" ते असा सुटलो. मग सरळ इथे आलो. अर्जात एक रकाना होता, "स्पर्धकांपैकी कुणी नातेवाईक आहे काय?" मी लिहिलं, नाही. लिहिताना वाटलं की खरंच आहे ते, चार वर्षं कुणी नातेवाईक असल्यासारखं वागलंय कुठे? पण रकान्याला हे असलं कळत नाही.

आणि बूट. त्या दिवशी निवड चाचणीला तू पुढे गेलास आणि तुझे फेकायचे बूट माझ्याकडे होते. वाटेत जुन्या कारखान्याची चिमणी पाडत होते. वीस मजली चिमणी, दादा, आणि तिच्या पायात तारा अडकवलेल्या. मला वाटलं पाच मिनिटांत पडेल. ती पडायला पाऊण तास लागला. तू कुणाचे तरी दोन नंबर लहान बूट घालून फेकलास, संघ हुकला, आणि घरी येऊन एकच वाक्य बोललास, "याच्या हातात माझं काहीही देऊ नका." आरडाओरडा केला असतास तर मी घरात राहिलो असतो. तू तर बाबांशी बोलायचास तशा कोरड्या आवाजात बोललास.

चिमणी पडली तेव्हा मात्र... जाऊ दे.

काल तू नि तुझे सर माझ्या पाठीमागून गेलात. सर म्हणाले, "वय तेहतीस. पहिल्या तिनात आलास तर बघू, नाहीतर आता मुलं शिकव." तू म्हणालास, "नाहीतर गोळा ठेवून देतो. मुलंबिलं काही नाही." सर म्हणाले, "उगाच डोक्यात राख घालू नकोस." तू म्हणालास, "राख नाही सर, थकलोय. एकदा तरी तिसरा येऊन थकायचं होतं."

मी तेव्हा पाण्याचा पाइप गुंडाळत होतो. उलटा गुंडाळला.

उद्या अंतिम फेरी. शेवटच्या आठांत तू येशीलच.

भिंगरी


१५ तारीख, गुरुवार, संध्याकाळ

दादा,

निकाल तुला माहीतच आहे, मी काय सांगणार. चौथा. आठ सेंटिमीटर. सुताराचा एकवीस मीटर चार, तुझा वीस शहाण्णव. सुतार म्हणजे तो तिसरा आलेला, उंच, पुढे वाकून चालणारा. तो घरी खरंच सुतारकाम करतो म्हणे, स्वतःचा गोळा ठेवायची पेटी त्याने स्वतःच केलीय, कोपऱ्यांना इतके सफाईदार सांधे आहेत की मी हात लावून बघितला. निकाल लागल्यावर तो त्या पेटीवर बसला आणि तोंडावर टॉवेल घेऊन बराच वेळ तसाच बसला. मला आधी वाटलं हरलाय.

तुझ्या शेवटच्या फेकीच्या वेळी माझ्या डोळ्यांवर ऊन येत होतं. तीन वाजता त्या बाजूने फार तिरीप येते. गॉगल घामाने ओघळला होता. हे सहज सांगितलं.

तू छान फेकलास. म्हणजे सगळे म्हणत होते. मास्तरही म्हणाले, "या माणसात अजून आहे." अजून असेल तर मग ठेवून कशाला द्यायचा?

आज जेवलो नाही. कशाला लिहिलं हे, तुझा काय संबंध. मैदान आवरताना खालचा ओला थर दंताळ्याने वर आला आणि सगळी जागा गडद झाली, नवी असल्यासारखी. एकाही फेकीची खूण राहत नाही. किती माणसं, किती वर्षांची मेहनत, आणि संध्याकाळी फळी फिरवली की चहाच्या टेबलासारखं साफ. मला ते आधी आवडायचं.

डोकं जाग्यावर नाही. उद्या लिहितो.

भिंगरी


१६ तारीख, शुक्रवार, सकाळ

दादा,

आता सरळ लिहितो. मध्येच फाटे फोडले तर ओलांडून पुढे वाच.

शेवटच्या फेरीत तुझ्याआधी गुलाबी बूटवाला होता. त्याने फेकला आणि तोल जाऊन वर्तुळाबाहेर पडला, लाल झेंडा. फेक बाद, म्हणून माप नाही. पण खड्डा तर पडलेलाच होता. तो मी बुजवायला हवा होता. माप असो नसो, बुजवायचाच, हा नियम. गोळा उचलला, पुसला, पन्हळीत सोडला, आणि खड्डा राहिला. का राहिला ते मला विचारू नकोस.

मग तू फेकलास. तुझा गोळा मास्तरांच्या अंगावर येतोय असं त्यांना वाटलं, ते मागे सरले, गुडघा दगा देऊन गेला, आणि ते जवळजवळ बसलेच. त्यामुळे तो टेकला कुठे ते त्यांनी पाहिलं नाही. उठून बघतात तर जमिनीत दोन खड्डे. एक वर्तुळाच्या बाजूला, एक त्याच्या मागे, साधारण एक वीत अंतर. एक गुलाबी बूटवाल्याचा, एक तुझा.

स्टेडियम ओरडत होतं. मास्तर वळून मला म्हणाले, "अलीकडचा ना?"

मी म्हणालो, "हो, अलीकडचा."

त्यांनी काठी रोवली, यंत्राने अंतर घेतलं, पांढरा झेंडा वर, मास्तरांनी मला हात केला, आणि माझ्या हातांनी दोन्ही खड्डे बुजवले. डोकं मागे राहिलं होतं, हात पुढे गेले. फळीसुद्धा फिरवली. मग फलकावर वीस शहाण्णव आलं आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की मास्तरांनी काठी वर्तुळाच्या बाजूच्या खड्ड्यात रोवली होती.

दादा, मला वाटलं ते विचारतायत, "आत्ताचा ना?" अलीकडे म्हणजे हल्ली, हल्लीचा, नुकताच पडलेला. अर्थात आत्ताचाच मापायचा, त्यात विचारायचं काय? मी हो म्हणालो. आज पहाटे मास्तर नळावर दाढी करत होते, तिथे जाऊन त्यांना गाठलं.

"मास्तर, काल तुम्ही अलीकडचा म्हणालात ते म्हणजे कुठला?"

"म्हणजे कुठला काय? अलीकडचा. वर्तुळाकडचा. सगळं माप वर्तुळापासून, मग अलीकडे वर्तुळच असणार ना? पहिल्या दिवशी अर्धा तास घसा कोरडा केला मी यावर."

तो अर्धा तास मी तारेवरचा कॅमेरा बघत होतो.

"मला वाटलं आत्ताचा."

"आत्ताचा म्हणायचं असतं तर आत्ताचा म्हटलं असतं! मला मराठी येत नाही का?" त्यांनी वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या गालाला साबण तसाच. "आणि मी जिथे उभा होतो तिथून... थांब. तू माझ्या समोरच्या बाजूला उभा होतास. तुझ्या बाजूने अलीकडचा म्हणजे पलीकडचा."

"मी बाजूबिजूचा विचारच केला नव्हता."

"मग कशाचा केला होतास?"

त्यांनी नळ बंद केला आणि म्हणाले, "हरकत घ्यायला अर्धा तास होता. गेला तो." मग हळू आवाजात, "एकतीस वर्षांत दोन खड्डे मी कधी उघडे ठेवले नव्हते रे."

जमिनीवर रोखलेला एक कॅमेरा असतो म्हणे. त्याच्यासमोर मी उभा होतो. त्या चित्रात माझी पाठ आहे. बाकी सगळे कॅमेरे तुझ्या तोंडावर.

त्या अर्ध्या तासात मी का बोललो नाही? बोललो असतो तर पहिला प्रश्न, तू कोण? आणि अर्जात मी लिहिलंय की कुणी नाही. भावाने भावासाठी वीतभर जागा वाढवून मागितली, असंच झालं असतं. हे सगळं तेव्हा सुचलं असंही नाही. तेव्हा मी पन्हळ धूत होतो. धुवायची गरज नव्हती.

पलीकडचा खड्डा तुझा असावा. तो तुझा असेल तर अंतर एकवीस मीटरच्या वर जातं, सुताराच्या पुढे जातं. मग तू तिसरा.

हे आणि आधीची तिन्ही पत्रं तुझ्या निवासाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे देतोय. आत्ताच त्याने विचारलं, "कोण म्हणून सांगू?" मी म्हणालो, पत्रात आहे.

भिंगरी


१६ तारीख, शुक्रवार, चार वाजता

होता. होता. पलीकडचा तुझा होता.

लिहून बघतोय, बरोबर दिसतं का.


१७ तारीख, शनिवार, सकाळी साडेआठ

दादा,

तू खाली स्पर्धेच्या कार्यालयाच्या बाकावर बसला असशील, नऊच्याही आधी. तू नेहमी लवकर जातोस. मी वर गादीवर बसून लिहितोय. दहाला आत बोलावणार आहेत, त्याआधी हे तुझ्या हातात द्यायचंय. समोरासमोर आलो की माझं तोंड भलतंच बोलतं, काल तू पाहिलंस.

काल तू या व्यायामशाळेच्या दारात उभा राहिलास तेव्हा दार भरून गेलं. हातात माझी पत्रं. चार वर्षांनी पहिलं वाक्य काय बोललास? "जाड झालास."

मी म्हणालो, "तूही."

"माझं ते काम आहे."

दोघेही हसलो, आणि मला वाटलं आता निभावलं. मग तू चौथं पत्र उघडलंस आणि त्या ओळीवर बोट ठेवलंस. अंगठ्याच्या नखात अजून पावडर होती. म्हणालास, "हे काय लिहिलंयस? असावा? असावा की होता?"

"म्हणजे..."

"म्हणजे काही नको. भिंगरी, एकदा तरी सरळ बोल. तू उभा होतास तिथे. माझा गोळा पडताना तू स्वतः पाहिलास?"

आणि मी म्हणालो, "हो. पाहिला. पलीकडचा होता."

तू बाकावर बसलास. बाक करकरलं. तू हाताचा तळवा उलटा करून बघितलास, जणू त्यावर काही लिहिलेलं असावं, आणि अगदी हळू म्हणालास, "मग मी फेकला होता."

तुझा असा आवाज मी कधी ऐकलेला नाही. बाबा गेले तेव्हाही नाही.

त्यानंतर सगळं फार वेगाने झालं. तू मला हाताला धरून कार्यालयात नेलंस. त्या चष्मेवाल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, वेळ संपलेली असली तरी ठोस नवा पुरावा असेल तर समिती पुन्हा बघू शकते. मी भाऊ आहे हे तूच सांगितलंस. मला वाटलं आता हाकलतील. त्या म्हणाल्या, "भाऊ असला तरी चालेल. रकान्याचं आम्ही नंतर बघू. पण तो जे लिहून देईल ते त्याने डोळ्यांनी पाहिलेलं हवं. अंदाज नको." सुतारालाही बोलावतील म्हणाल्या, त्याचं पदक त्याच्याकडे आहे म्हणून. तू बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवलास, तो जिन्यापर्यंत काढला नाहीस. म्हणालास, "सुताराचं वाईट वाटतं. पण जे झालं ते झालं ना? तू पाहिलंस ना?"

मी पुन्हा हो म्हणालो. दोनदा.

मग चार वाजता मी ते "होता, होता" लिहीत बसलो आणि शब्दाकडे बघता बघता त्याचा अर्थच गेला. कधी तुझं तसं होतं का? एखादा शब्द दहा वेळा म्हटला की तो नुसता आवाज होतो. मास्तर माझ्या शेजारी गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांना विचारलं, "मास्तर, गुलाबी बूटवाला एवढ्या लांब जाऊ शकतो का?"

ते म्हणाले, "दिवसभरात गेला नव्हता. पण बाद फेकी लांबच जातात, म्हणूनच तर माणूस तोल जाऊन पडतो."

"म्हणजे पलीकडचा त्याचाही असू शकतो?"

"असू शकतो. नसू शकतो. तू तिथे होतास, मला काय विचारतोस?"

तर ऐक. मी पाहिला नाही.

उन्हाची तिरीप खोटी. ऊन होतं, पण माझ्या पाठीवर होतं. गुलाबी बूटवाल्याचा खड्डा बुजवायला मी दंताळं टेकवलंसुद्धा होतं, आणि तेवढ्यात तुझ्या नावाचा पुकारा झाला. तू वर्तुळात आलास. मी मान वर केली ती खाली केलीच नाही. माझं काम जमिनीकडे बघायचं. मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं, माणसाकडे बघायला तिकीट काढलेले हजारो लोक आहेत, तुम्ही फक्त माती बघा. हे मी ऐकलं होतं. या वेळी लक्ष भलतीकडे गेलं असंही म्हणता येणार नाही, दादा. मी मुद्दाम तुझ्याकडे बघत होतो. चार वर्षं साठलेलं होतं, आणि ही शेवटची फेक, तू ठेवून देणार म्हणाला होतास. धप्प असा आवाज माझ्या पायापाशी झाला तेव्हाही मी तुझ्याकडेच बघत होतो. खाली पाहिलं तेव्हा दोन खड्डे होते, दोन्ही सारखेच ताजे, सारखेच ओले, कारण गुलाबी बूटवाल्याच्या फेकीआधीच मी तिथे पाणी मारलं होतं. कुठला कुणाचा ते देव जाणे.

मग काल हो का म्हणालो? तू इतक्या जवळून विचारलंस म्हणून. आणि निम्मं मला वाटतं, की तो तुझाच असणार, आणि निम्मं वाटतं, की मला तो तुझा हवाय म्हणून असणार, आणि या दोन निम्म्यांची बेरीज रात्रभर जमली नाही. सुताराच्या पेटीचे ते सांधे मध्येच डोळ्यांपुढे येत होते. त्याने काय केलंय? त्याने नुसता फेकला.

दहाला त्या बाई विचारतील, पडताना पाहिलास? मी नाही म्हणणार. "अलीकडचा" या शब्दावरून काय घोटाळा झाला ते लिहून देईन, खड्डा बुजवला नाही हे लिहून देईन, मास्तरांचा काही दोष नाही हेही. "होता" लिहिणार नाही. मला कळतंय याचा अर्थ काय. तू चौथाच राहणार, आणि वर आयुष्यभर "असावा" घेऊन बसणार. नुसतं चौथं असण्यापेक्षा ते वाईट असेल कदाचित. माझ्यामुळे दुसऱ्यांदा. तू परत बोलणं टाकलंस तर या वेळी मी घर सोडून जाणार नाही, कारण घरच नाही माझं कुठे. पण पत्ता कळवत राहीन.

मात्र त्यांनी विचारलं, मग तू बघत काय होतास, तर ते मला सगळं सांगता येईल, कारण तेवढं एकच मी नीट पाहिलंय. तू गिरकी घेतलीस, डावा पाय वर्तुळाच्या कडेच्या फळीला टेकला, गोळा बोटांतून सुटला आणि तू ओरडलास. मग गोळा हवेत असताना, अजून कुठे काही टेकायच्या आधी, तुझं तोंड मिटलं आणि तू हसलास. पाव सेकंद असेल. फलकासाठी नव्हतं, तुझ्या सरांसाठी नव्हतं. हाताला कळलं होतं तुझ्या काहीतरी. असं हसताना मी तुला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

त्याचे सेंटिमीटर किती, ते मला माहीत नाही. पण ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि तेवढं मी सही करून देऊ शकतो.

पावणेनऊ झाले. खाली येतो.

भिंगरी